आमच्या गल्लीतला विजयदुर्ग

नागपूरच्या माणसाचा समुद्र म्हणजे अंबाझरीचा तलाव. भरती-ओहोटी मी लग्नानंतर, नणंदेकडे अलिबागला गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि मला ती विशेष आवडलीही नाही. पाणी आलं, पाणी गेलं. त्यात एवढं काय? तरी शाळेत इतिहास शिकवत होते तोवर दरवर्षी विजयदुर्गाच्या खाडीत जळालेल्या आरमारापाशी माझी गाडी अडायची. पुस्तकात त्या पराभवाला चार ओळी होत्या. मी आठवडा घालवायचे. मुख्याध्यापिका म्हणायच्या, "अहो बाई, पेपरात दोन मार्कांना येतं ते." दोन मार्कांना येतं हे मलाही ठाऊक होतं. पण आमच्या घराचं जे झालं ते त्याच दोन मार्कांत होतं, आणि ते त्यांना समजावत बसण्यात अर्थ नव्हता.

आम्ही कोष्टी. इतवारीच्या पलीकडे, पूर्व नागपुरातल्या एका गल्लीत आमचं घर होतं. पुढे राहायच्या दोन खोल्या आणि परसाकडे एक लांब पडवी. त्या पडवीत बाबांचे चार हातमाग. मी सांगते आहे ते सत्तर सालाच्या आसपासचं. गल्लीत तेव्हा घरटी माग होते, आणि उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत आडवा धागा नेणाऱ्या धोट्यांची खटखट चालायची. आम्हाला तो आवाज ऐकू येत नसे. बंद पडला की मात्र लगेच कळायचं, आणि बायका दारात येऊन विचारायच्या, कोणाकडे काय झालं?

हातमागाचं काम एकट्याचं असतं असं लोकांना वाटतं. विणायला बसला की विणकर एकटाच, हे खरं. पण सूत मागावर चढण्याआधी त्याची पाजणी करावी लागते. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ शिजवायची, ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्यांवर ताणायचा, आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी उभं राहून कुंच्यांनी ती खळ सुतात मुरवत जायचं. हे सगळं उन्हं चढायच्या आत. ऊन लागलं, वारा सुटला आणि हात अपुरे पडले, की धागा धाग्याला चिकटतो आणि अख्खा ताणा वाया जातो. म्हणून पाजणीला गल्ली लागते.

आणि पाजणीला बोलावणं नसे. ज्याची पाजणी असेल त्याने उजाडताना रस्त्यात खुंटा ठोकायचा. मोगरीचा आवाज ज्याच्या कानावर पडेल त्याने कुंचा उचलून बाहेर यायचं, मग आदल्या दिवशी त्याच माणसाशी नळावर कितीही कडाकडा भांडण झालेलं असो. हाक मारायची नाही. हाक मारावी लागली तर ज्याला मारली त्याचा तो अपमान, आणि असा अपमान आमच्या गल्लीत कोणी कोणाचा केलेला मी पाहिला नव्हता.

गल्लीचे कर्ते म्हणजे माझे मोठे बाबा, बाबांचे थोरले भाऊ. विणकरांची सोसायटी त्यांच्या हातात होती. कोणाला किती सूत मिळायचं, कोणाची पाजणी कोणत्या दिवशी, लुगडी कोणत्या भावाने जायची, सगळं ते आपल्या ओट्यावर बसून ठरवायचे. पांढरंशुभ्र धोतर, तोंडात सुपारीचं खांड आणि आवाज कधी चढलेला नाही. माणूस वाईट नव्हता. गल्लीतल्या कोणत्या पोरीचं लग्न त्यांच्यामुळे अडलं असं झालं नाही, मी कॉलेजात गेले तीही त्यांनी बाबांना दटावलं म्हणून. फक्त त्यांना एक गोष्ट सोसत नसे: कोणी न विचारता काही केलं की त्यांना ते बंड वाटायचं.

आणि बाबांना विचारून काही करता येत नसे. करवती किनार त्यांच्यासारखी गल्लीत कोणाची निघत नव्हती. किनारीचे दाते असे नेमके की बायका बोट लावून बघायच्या. या गुणाचा त्यांना माज होता, मी मुलगी असले तरी सांगते. सोसायटी सगळ्यांच्या लुगड्यांना एकच भाव देते म्हणून ते चिडले आणि आपली लुगडी परस्पर इतवारीतल्या दुकानात नेऊ लागले. मोठ्या बाबांनी एक माणूस पाठवून निरोप दिला, की हे बंद कर. बाबा तेव्हा खळ ढवळत होते. त्यांनी त्या माणसाची टोपी काढून खळीत बुडवली आणि परत त्याच्या डोक्यावर नीट ठेवली. तो ओट्यापाशी पोचेस्तोवर टोपी वाळून कडक झाली होती म्हणतात. गल्ली चार दिवस हसली. मोठे बाबाही सगळ्यांसमोर हसले. त्यांच्या घरी मोठ्याईने, म्हणजे माझ्या थोरल्या काकूने, आईला मात्र हळूच सांगितलं, "त्याइनं तोंडात घास घेतला नाही वं."

याच सुमारास कॉलेजात आमच्या प्राध्यापकांनी विजयदुर्ग शिकवला. मी संध्याकाळी पडवीत धोट्याच्या कांड्यांवर सूत भरता भरता तो घरी सांगायला बसले. बाबा मागावर होते, आई रहाटावर, आणि मोठे बाबा नेहमीसारखे फेरी मारायला आलेले. टोपीचं प्रकरण होऊनही येणंजाणं सुटलं नव्हतं. भावाभावांत असंच असतं, मनात काही असलं तरी पाय वळतातच.

मी सांगितलं, ते असं. पानिपताच्या पाच वर्षं आधीची गोष्ट. कोकणात मराठ्यांचं आरमार होतं, त्याच्या प्रमुखाला सरखेल म्हणत. त्याच्या परवान्याशिवाय इंग्रजांचं जहाज त्या किनाऱ्याने सुखाने जात नसे. पण हा सरखेल पेशव्याला जुमानेना. खंडणी देईना, पेशव्याच्या मुलखात लूट करी. शेवटी पेशव्याने त्याला वठणीवर आणायला मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. जमिनीवरून पेशव्याची फौज, समुद्रावरून इंग्रजांची जहाजं.

"त्या सरखेलानं कोणाची टोपी खळीत बुडवली होती काय?" मोठ्या बाबांनी विचारलं.

सगळे हसले, बाबा सगळ्यांत मोठ्यांदा. मी म्हटलं, "टोपी नाही मोठे बाबा, पेशव्याच्या माणसायचे नाकं कापत होता म्हणते."

"मंग बराबर केलं पेशव्यानं. घरचा माणूस ऐकत नसन तर बाहेरच्याले बलावाच लागते. काम झालं का बाहेरचा आपल्या घरी जाते."

"तो गेला नाही ना पण."

"ते पुढचं झालं," ते म्हणाले. "आरमाराचं काय झालं, ते सांग."

आरमार खाडीत उभं होतं, सगळी गलबतं एकमेकांना बांधलेली. इंग्रजांचा एक तोफगोळा एका जहाजावर पडला आणि आग या गलबतावरून त्या गलबतावर गेली. दिवस मावळेपर्यंत सगळं आरमार गेलं. सरखेल त्या वेळी तिथे नव्हताच. तो तहाची बोलणी करायला पेशव्याच्या छावणीत गेला होता आणि तिथेच अडकवला गेला. इंग्रजांनी पेशव्याच्या लोकांच्या आधी किल्ल्यात शिरून खजिना आपसांत वाटून घेतला, आणि करार असूनही किल्ला कितीतरी महिने सोडला नाही.

"बांधून काहून ठेवले वं एकमेकायले?" बाबांनी धोटा थांबवून विचारलं. "सुटे असते तर चार तरी निसटले असते."

"सुटं राहिलं तर वाऱ्यानं कोठंही जाते," मोठे बाबा म्हणाले. "बांधलेलंच बरं."

"आन् छावणीत जावाचंच नव्हतं त्यानं. आपला किल्ला सोडून बोलणी कराले गेला, तेथंच फसला," बाबा म्हणाले.

मी त्यांना पुढचंही सांगू पाहत होते. त्या दिवसानंतर पश्चिमेच्या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं कोणी उरलं नाही, त्यांच्या बोटींतून आधी तोफा आल्या आणि मग कापडाच्या गाठी. साठेक वर्षांनी आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांचं निशाण लागलं आणि त्यांच्या कापडाने आपल्या पणजोबांचे माग बंद पाडले. त्या खाडीतली आग इथपर्यंत आली, असं मला म्हणायचं होतं. पण आईने भाकरी टाकायला बोलावलं आणि मोठे बाबाही उठले. पेशव्याचं शेवटी काय झालं, ते तेव्हा राहूनच गेलं. दोघाही भावांनी गोष्ट लक्षपूर्वक ऐकली होती, आणि दोघांनीही तिच्यातून आपल्याला हवा तेवढाच तुकडा उचलला होता. मला तेव्हा त्याचं हसू आलं.

दिवाळीनंतर गल्लीत शेठ आला. नंदनवनच्या पलीकडे, जिथे तेव्हा नुसतं माळरान होतं, तिथे त्याने पत्र्याच्या शेडमध्ये पॉवरलूम टाकले होते. मोठ्या बाबांनीच त्याला आणला, आपल्या ओट्यावर बसवलं, चहा पाजला. ठरलं ते असं: शेठ मशिनवर पाजलेल्या ताण्याचे तयार बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, गल्लीला पुरवील, लोकांनी ते हातमागावर चढवून विणावं आणि माल शेठलाच द्यावा. खुंटे ठोकायला नकोत, खळ नको, पहाटेचं उठणं नको. लोक खूष झाले. बायका तर जास्तच, कारण खळ शिजवून शिजवून त्यांच्या हातांची सालं निघायची.

बाबांना बीम द्यायचा नाही, हे कोणी बोलून दाखवलं नाही. न बोलताच सगळ्यांना कळलं. इतवारीतल्या दुकानदारालाही शेठचा माल स्वस्तात मिळू लागला, आणि त्याने बाबांना एक-दोनदा तसंच परत पाठवलं.

मी मोठ्या बाबांकडे गेले. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला वाटतं, आपण समजावलं तर माणसं समजतात. त्यांच्या पायाशी बसून म्हटलं, "मोठे बाबा, हे तेच होऊन राहिलं. विजयदुर्गाचं."

ते रागावले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, शेठ काय इंग्रज आहे काय? एवढी लगीनसराई जाऊ दे. तुहा बाप एक डाव माह्या ओट्यावर येऊन चूक झाली म्हणन, का शेठले मी उद्याच्या उद्या वापस धाडतो. मले काय तुह्या बापाचं वाईट करायचं आहे?"

त्यांना खरंच करायचं नव्हतं. हेच मला सगळ्यांत भयंकर वाटलं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. घरी येऊन बाबांना म्हटलं, जाऊन या ना एकदा. ते म्हणाले, "मी काहून जाऊ? माही किनार त्याइच्या शेठच्या मशिनवर निघते काय, विचार." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ अजून जळायचा होता.

मग ती पाजणी आली. बाबांकडे सूत शिल्लक होतं, लग्नाच्या हंगामासाठी चांगलं जमवून ठेवलेलं. ते कोणाला काही न बोलता उजाडताना उठले, आईने खळ शिजवली, आणि बाबांनी कडुलिंबाच्या झाडाजवळ पहिला खुंटा ठोकला. आवाज गेला. दुसरा ठोकला. मी आणि आई कुंचे घेऊन उभ्या राहिलो. ताणा लागला, पांढराशुभ्र, गल्लीच्या टोकापर्यंत.

दारं उघडी होती. माणसं दिसत होती. कोणी दात घासत होतं, कोणी उगाच अंगण झाडत होतं, झाडलेलं पुन्हा झाडत होतं. कोणी आमच्याकडे बघत नव्हतं आणि सगळे बघत होते. मोठे बाबा ओट्यावर बसून होते. त्यांनी कोणाला अडवलं नाही, एक शब्द बोलले नाहीत. ते नुसते बसले होते, तेवढं पुरत होतं.

बाबांनी पहिला खुंटा पुन्हा ठोकला. तो पक्का रोवलेला होता, त्याला ठोकायची गरज नव्हती. तरी ते ठोकत राहिले.

आई हळू आवाजात म्हणाली, "हाक मारा ना. एखाद्याले तरी."

"पाजणीले हाक मारत नसतात," बाबा म्हणाले.

आम्ही तिघांनी सुरुवात केली. तीन माणसांनी होणारं ते काम नव्हतं. एका टोकाला खळ मुरवावी तोवर दुसरं टोक सुकून ताठ व्हायचं. मी पळत होते, आई पळत होती, बाबा मधे उभे राहून दोन्ही हातांनी कुंचे चालवत होते. कडुलिंबाच्या शेंड्यावर ऊन आलं. मोठ्याई घरातून कुंचा घेऊन बाहेर आली. ती दोन घरं ओलांडून आमच्यापर्यंत पोचत होती, इतक्यात मोठे बाबा म्हणाले, "पाणी तापलं काय माह्या अंघोळीचं?" ती थांबली. कुंचा तिने पदराखाली घेतला आणि ती परत गेली. मला तिचा राग आला नाही, तिची पाठ बघवली नाही एवढंच.

ऊन ताण्यावर आलं तेव्हा धागे एकमेकांना चिकटून त्यांची चऱ्हाटं झाली होती. बाबांनी दोन बोटांनी सोडवायचा प्रयत्न केला, धागा तुटला. मग त्यांनी कुंचा खाली ठेवला आणि खुंट्यापाशी उकिडवे बसले. मी वीस वर्षांची घोडी झाले होते, इतिहासात पहिला नंबर यायचा माझा, आणि मला काही म्हणता काही करता येत नव्हतं. मी गल्लीकडे बघून ओरडून सगळ्यांना नावं ठेवायला हवी होती असं पुढे कितीतरी वर्षं वाटायचं. पण ओरडून चिकटलेला धागा काही सुटणार नव्हता.

दोन दिवसांनी बाबा मोठ्या बाबांच्या घरी गेले. "किल्ला सोडून जावाचं नव्हतं" म्हणणारे माझे बाबा आपण होऊन गेले, डोक्याला टोपी घालून. मी आणि आई दारातून बघत होतो. मोठ्या बाबांनी त्यांना ओट्यावर न ठेवता आत नेलं. जेवायला बसवलं. मोठ्याईने पुरण घातलं होतं, यावरून त्यांना किती आनंद झाला होता ते कळावं. आईने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "मिटलं बाप्पा."

तेवढ्यात हातगाड्या आल्या. शेठची माणसं होती. ती आमच्या घराला वळसा घालून थेट पडवीत शिरली. पडवीची जागा कागदावर मोठ्या बाबांच्या नावे होती. आजोबांनी सगळंच थोरल्याच्या नावे केलं होतं. धाकट्याला वेगळा कागद कशाला, भाऊ आहे ना, अशी रीत. मोठ्या बाबांनी शेठला पॉवरलूम टाकायला ती पडवी देईन, असं कधीतरी कबूल केलं होतं. लगीनसराईनंतर बघू, असं. शेठ लगीनसराई संपेपर्यंत थांबला नाही.

आईने वाट अडवली. एक जण अदबीने म्हणाला, "बाई, आमाले सांगतलं तेवढं आमी करून राहिलो." मी मोठ्या बाबांच्या घराकडे पळाले. दोघं भाऊ पानावर बसले होते. मी सांगितलं तसे मोठे बाबा हात न धुता उठले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ते खरोखर गोंधळले होते. "मी असं म्हटलं नव्हतं," ते म्हणाले, "मी त्याले आता कवा म्हटलं होतं?" बाबा मात्र पानावरून उठलेच नाहीत. त्यांनी पुढ्यातली पोळी हळूच बाजूला सारली.

आम्ही येईपर्यंत चारही माग सुटे करून परसात रचलेले होते. मोठ्या बाबांनी माणसांना थांबवलं, आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदाच असेल. माणसं म्हणाली, शेठशी बोला. ते बोलायला गेले. शेठने त्यांना चहा पाजला, त्यांनी त्याला पाजला होता तसाच, आणि त्यांच्याच सहीचा करार दाखवला, त्यात लगीनसराईचं नाव नव्हतं.

माग पुन्हा कुठे उभे करणार? दोन खोल्यांत आम्ही मावत नव्हतो. लाकडं परसात पडून राहिली. गिऱ्हाईक कोणी नव्हतं, कारण गल्लीत आता जो तो आपलाच माग केव्हा काढू या विचारात होता. मग एक दिवस चुलीला सरपण नव्हतं म्हणून आईने बाबांना न विचारता एक तुकडा घेतला. सागाचं जुनं लाकूड, वर्षानुवर्षं तेल प्यालेलं, सुरेख जळायचं. भात त्यावर शिजला. बाबांनी तो खाल्ला. पुढे कुऱ्हाड तेच चालवू लागले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी वर्गात शिकवायचे तेव्हा मला तो परस आठवायचा, आणि मी पुढच्या म्हणीवर जायचे.

शेठने बीम देणं थांबवलं ते पुढच्या वर्षी. कारणही सांगितलं नाही. सगळी गल्ली त्या बीमांना बांधलेली होती, पाजणीचे खुंटे कोणी जपून ठेवले नव्हते, सोसायटीचं सूत केव्हाच बंद झालेलं. एका आठवड्यात सगळ्या घरांतली खटखट थांबली. दारात येऊन कोणी विचारलं नाही, कोणाकडे काय झालं. त्यानंतर आमच्या गल्लीतली पुरुषमाणसं सकाळी डबे घेऊन नंदनवनकडे शेठच्या शेडमध्ये कामाला जाऊ लागली. बाबाही जाऊ लागले. काही महिन्यांनी मोठे बाबाही. त्यांना वयामुळे कांड्या भरायचं काम मिळालं, जे आमच्याकडे बायका आणि पोरी करायच्या. दोघं एकाच शेडमध्ये, एकाच पाळीत, आणि बोलणं नाही. बाबांनी त्या पानावरून सरकवलेल्या पोळीनंतर त्यांच्याशी एक शब्द काढला नव्हता.

मी शिक्षिका झाले, लग्न झालं. ऐंशीनंतरची गोष्ट असेल, मी उन्हाळ्यात माहेरी आले होते. मोठे बाबा काठी टेकत आले. मोठ्याई गेली होती, ते वाळून अर्धे झाले होते. माझ्यासाठी आले असं म्हणाले. बाबा आतल्या खोलीत पडून होते. मधे फक्त पडदा होता.

आईने चहा ठेवला, तो निवला. मग म्हणाले, "त्या पेशव्याचं मंग काय झालं वं पोरी? तू सांगतलंच नाही तवा."

मी सांगितलं. तो पेशवा पानिपतानंतर खचून गेला. पुढे त्याच्या पुतण्याच्या काळात त्याच इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्या पुतण्याला पेन्शन देऊन गंगेकाठी नेऊन ठेवलं.

"आन् सरखेल?"

"तो कैदेतच राहिला. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर. कैदेतच मेला."

"इंग्रजाच्या?"

"नाही मोठे बाबा. आपल्याच. पेशव्यांच्या."

त्यांनी मान वर केली. "पण इंग्रज वैरी आहे हे तं कळलं होतं ना मंग? मंग सोडला काहून नाही त्याले?"

इतकी वर्षं शिकवत होते, पण हा प्रश्न मला कोणत्याही मुलाने विचारला नव्हता. मी म्हटलं, "माहीत नाही मोठे बाबा."

ते पडद्याकडे बघत राहिले. पडदा हलला नाही. मग ते उठले, दारापर्यंत गेले, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून थांबले. त्यांनी काठी जमिनीवर ठोकली. थांबून पुन्हा ठोकली. टेकण्यासाठी काठी इतक्या जोराने आपटावी लागत नाही. तो खुंट्याचा आवाज मी ओळखला, आईने ओळखला. आतून बाजेची करकर ऐकू आली. आम्ही दोघी वाट पाहत होतो. पुन्हा काही आवाज झाला नाही.

मोठे बाबा तिथे किती वेळ उभे होते सांगता यायचं नाही. मग त्यांची काठी हळूहळू गल्लीतून लांब गेली.

बऱ्याच वेळाने बाबांनी आतून विचारलं, "गेला काय दादा?"

"गेले," आई म्हणाली. तिने निवलेला चहा मोरीत ओतला. "तुमी त्याइले थांबा म्हणाचं होतं. पण पाजणीले हाक मारत नसतात ना."